शाळेला काय झालं?

शाळेत त्यांना सगळे भोंगाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून थोडा अभिमानही होता. चोवीस वर्षं त्या दहावीला इंग्रजी शिकवत होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी व्याकरण काढलं की खाली फाटकाशी बसलेल्या पहारेकऱ्याचेही काळ पाठ होत.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि बाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, मुळात कमी बोलणारा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, शेजारच्या वहिनी विचारत होत्या, बाई कुठे परगावी गेल्यात का?" बाईंनी त्याच्या अंगावर उशी फेकली.

मुख्याध्यापक म्हणाले, रजा घ्या. 'उजळणी कोण घेणार?' बाईंनी कागदावर लिहून दिलं. इंग्रजीच्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मुख्याध्यापकांनी वर्गाकडे हात केला. बाई वर्गात गेल्या, फळ्यावर लिहिलं, 'तुम्ही शिकवायचं. मी ऐकणार,' आणि मागे जाऊन बसल्या.

दोन दिवस वर्गात नुसता बाजार भरला. मग अलंकारांची पाळी आली, तेव्हा शेवटच्या बाकावरची उंच मुलगी आढेवेढे घेत उठली. चाचणीत ती दोनदा गटांगळ्या खाल्लेली.

"बाई वाघासारख्या डरकाळ्या फोडतात, ही सिमिली," ती म्हणाली. "बाई म्हणजे वाघच, हे मेटाफर. आणि बाईंचा आवाज रुसून बसलाय, हे पर्सॉनिफिकेशन."

वर्ग खो खो हसला. बाईंचेही खांदे गदगदले.

दुसऱ्या दिवशी पॅसिव्ह व्हॉइस होता. पहिल्या नंबरची मुलगी ऐटीत फळ्यापाशी गेली. "एकदम सोपं. शेवटचं पुढे आणा, पुढचं शेवटी न्या, मध्ये 'इज' घाला." ही बाईंचीच युक्ती. मग तिने उदाहरण लिहिलं, 'आय गो टू स्कूल', आणि त्याखाली, 'स्कूल इज गॉन बाय मी.' सगळ्यांनी ते मुकाट वहीत उतरवून घेतलं.

आवाज असता तर "चूक!" म्हणून दरडावून बाई पुढे गेल्या असत्या, दर वर्षी तेच करत. आज त्या बाकांमधून फिरल्या. चाळीस वह्यांत तेच वाक्य. कुणी मस्ती केली नव्हती. शिकवलं तसंच केलं होतं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शाळेला काय झालं?'

"काही नाही. आहे तिथेच आहे," कुणीतरी म्हणालं.

उंच मुलगी बसल्या जागेवरून, अडखळत बोलू लागली. "मी काच फोडली तर काचेचं काहीतरी होतं. म्हणून काचेला पुढे आणता येतं. मी शाळेत गेले तर शाळेचं काहीच होत नाही... मग ती पुढे येऊन सांगणार काय?"

बाईंनी तिचं बोलणं आपल्या वहीत उतरवून घेतलं.

घरी त्यांनी नवऱ्यापुढे कागद सरकवला. 'चोवीस वर्षं युक्ती शिकवली. अर्थ नाही.'

त्याने डोळ्यावरचं भिंग काढून वाचलं. "कळलं ना आता? मग शिकव."

सकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'ती युक्ती माझी होती. अपुरी होती. खोडा.'

पहिल्या नंबरची मुलगी रडकुंडीला आली. "बाई, परीक्षा तोंडावर आलीय! आता बदलायचं?"

बाईंनी तिच्याच वहीत उत्तर लिहिलं, 'हो. मला कालच कळलं.' मग तिच्या शेजारी बसून दहा वाक्यं करून घेतली, प्रत्येकात एकच प्रश्न: कुणाला काय झालं? सातव्या वाक्याला तिने डोळे पुसले आणि आठवं आपलं आपण केलं.