महागूकाकांचा राजीनामा

छप्पन साली राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली, नागपूर आमच्या हातून गेलं आणि कटंगीकडच्या आमच्या गावाची राजधानी भोपाळ झाली. गावाला राजधानीशी काही घेणंदेणं नव्हतं. धास्ती एकच होती, हिंदी राज्यात शाळेतली मराठी जाईल. म्हणून पुढच्या वर्षी लोकांनी माझ्या चुलतकाकांना, महागूकाकांना, धानाच्या बांधावरून उठवून निवडणुकीला उभं केलं. काका आमदार झाले.

त्यांचं हिंदी कटंगीच्या बाजारातलं. सभागृहात लोक तोंड लपवून हसत. काका मात्र दर अधिवेशनात उठून तेच मागत, आमच्या पोरांना मराठी मास्तर द्या. मास्तर टिकला. पुढे पक्षानं काकांना दिल्लीला राज्यसभेत पाठवलं. कौतुकानं, की कटकट लांब जावी म्हणून, ते तुम्हीच समजून घ्या.

काका दिल्लीत, तर इकडे जिल्ह्याच्या पुढाऱ्यानं मराठीचा वर्ग बंद करायला घेतला. दोघांचं चांगलंच वाजलं. मग एका सकाळी भोपाळहून पक्षातल्या थोरल्या बाबूजींचा फोन आला. "महागूभाई, बहुत हो गया। अब राजीनामा कर लो।"

काका "जी" म्हणाले आणि त्याच दिवशी खासदारकीचा राजीनामा देऊन मोकळे झाले.

घरी आले तेव्हा मैनाकाकूंनी विचारलं, "अधिवेशन सुरू हाये ना? काहून आले?"

"राजीनामा द्या म्हनले." काका जेवले आणि झोपले.

काही दिवसांनी बाबूजींचा माणूस धावत आला. तिकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण काका कधी कोर्टात गेलेच नव्हते. चौथीपर्यंत मराठी ठेवायला पुढारी कबूल झाला होता. काकांनी फक्त हो म्हणायचं होतं. आता खासदारच नाही, तर तडजोड कोण कशाला करतो? जुलैत वर्ग बंद झाला. मास्तरांची बदली लांब उकव्याला झाली.

माझा संताप अजून गेलेला नाही. काकांना मात्र कशाचंच काही वाटेना. रोवणी केली, कापणी केली. कुणी हळहळलं की "हौ" म्हणायचे आणि बैल सोडायला जायचे. ना रडले, ना कुणाला शिवी दिली.

सत्तर साल उलटल्यावर एकदा मीच चिडून बोललो, "काका, एक डाव तरी इचारायचं होतं ना, राजीनामा म्हंजे काय म्हनून!"

काका बैलाचं दावं वळत होते.

"हिंदी शब्द अडला असता तं इचारलो असतो, बापू. हा तं आपलाच होता."