काळी दोनची पट्टी

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला माझ्याकडे तीन कामं होती आणि तिन्ही ठिकाणी मी उशिरा पोचत होते. नांदेडला विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात मेस कमिटी, आणि अहमदपूरला वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत हार्मोनियम. मेस कमिटीत मी कशी गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या बैठकीला मी गैरहजर होते, आणि गैरहजर माणसाच्या गळ्यात काम बांधायची आपल्याकडे जुनी रीत आहे.

पप्पा अहमदपूरच्या मोंढ्यात मापाडी. काट्यावर पोतं चढलं की वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यावर पुकारा थांबला, पण तुरीची आणि सोयाबीनची धूळ काही थांबली नाही. मोंढ्यातून सुटले की ते गायचे. शिकवलेला गळा नव्हता, उघडा आणि खणखणीत होता. त्यांची पट्टी काळी दोन. म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या सुराला 'सा' धरून ते गात. पुरुषाला ही पट्टी चढी पडते, त्यामुळे आसपासच्या गावांत त्यांची ओळखच 'काळी दोनला गाणारा मापाडी' अशी होती. ही ओळख त्यांना आवडायची, आणि ते ती लपवत नसत.

पार्टीत ठरलेले आम्ही तिघंच. गायला पप्पा, पेटीला मी, ढोलकीला काका. कोरसला त्या दिवशी जो सापडेल तो.

जानेवारीत एका गृहप्रवेशाच्या कार्यक्रमात पप्पांचा वरचा सूर फाटला. ते खोकले, पाणी प्यायले आणि माइकवाल्यावर ओरडले. लोकांनीही माइकलाच दोष दिला. मी मात्र हातभर अंतरावर बसले होते. पुढच्या कार्यक्रमाला मी कुणालाही न सांगता पांढरी दोन धरली, अर्धा सूर खाली. पप्पांनी सूर घेतला आणि बिनबोभाट गायले. मार्चपर्यंत मी त्यांना आणखी अर्धा सूर खाली, काळी एकवर आणलं होतं. काकांपासून हे लपणं शक्यच नव्हतं, कारण ढोलकी पेटीच्या सुराला लावावी लागते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पाना काढून ढोलकीचे नट सैल केले आणि तंबाखू मळायला घेतली.

खरी पंचाईत इथून सुरू झाली. आता माझ्या जागी दुसरं कुणी बसू शकत नव्हतं. जो बसेल तो काळी दोनच धरणार, आणि पप्पा चारचौघांत उघडे पडणार. म्हणून मी एकही तारीख नाकारली नाही. दुपारची तासिका बुडवून बस धरायची, लोह्यापर्यंत नोट्स वाचायच्या, पुढे झोपायचं. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह जमा करायचा होता, तर मी कार्यक्रमाच्या गावी पोचले की बांधावरून फांद्या तोडून आणायचे, वर्तमानपत्रात घालून पेटीखाली दाबून ठेवायचे. विभागातल्या मॅडमना माझे नमुने फार आवडले. हजेरी आवडली नाही. "तू एम.एस्सी. नेमकी कशात करतेयस? हार्मोनियममध्ये?" त्यांनी भर वर्गात विचारलं. सगळे हसले, मीही हसले. इकडे वसतिगृहात वरण पातळ असल्याची तक्रार रोज माझ्या नावानं येत होती, आणि वरण खरोखरच पातळ होतं.

खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडत होतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, या भावनेत एक नशा असते. मी दमले होते, पण माझी चाल जरा ताठ झाली होती.

एप्रिलमध्ये जयंतीचा मोसम लागला. आमच्याकडे जयंती एका दिवसात आटपत नाही. गायक मिळावेत म्हणून गावं वेगवेगळे दिवस धरतात आणि मे संपेपर्यंत कार्यक्रम चालतात. सुपारी घेतली की तारीख दिली, आणि दिलेली तारीख मोडायची नाही. मी परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवूनच तारखा द्यायला लावल्या होत्या. मग एके दिवशी मोबाईलवर परिपत्रक आलं. एक पेपर पुढे गेला होता आणि नेमका पप्पांच्या जन्मगावच्या कार्यक्रमावर जाऊन बसला होता. त्या गावात पुढच्या रांगेत त्यांना लहानपणापासून ओळखणारी माणसं बसतात. पप्पा वर्षभर त्या एका कार्यक्रमाची वाट बघतात.

मी फोन केला.

"मंग दे की पेपर," पप्पा म्हणाले. "लातूरचा कीबोर्डवाला हाय, त्याला बोलावतो."

"पप्पा, पेपर नंतर देता येतो. तुमचं गाव..."

"येडी हाईस का माय तू?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग काकांना लावला. त्या कीबोर्डवाल्याला काळी एक धरायला सांगा, म्हटलं.

"म्या कसं सांगू?" काका म्हणाले. "का म्हनून इचारलं तर काय सांगू?"

त्यांचंही खरं होतं. कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी लातूरभर झालं असतं. तेव्हा कीबोर्डवाल्याला काही सांगायचं नाही, असंच ठरलं.

पेपर अकरा ते दोन होता. मी एक वाजता उठले. पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या उत्तरपत्रिकेकडे, आणि ती ठेवून घेतली. दोन प्रश्न पूर्ण झाले होते, तिसरा निम्मा. बसमध्ये माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पप्पांचा आवाज फाटलाय आणि पुढच्या रांगेतली माणसं खाली बघतायत.

गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं उतरली होती. कार्यक्रम सुरू होता. भोंग्यातून कीबोर्ड ऐकू येत होता आणि तो काळी दोनलाच होता. मी मंडपाकडे अक्षरशः पळत गेले.

अंतरा वर चढत होता. सूर फाटायची जागा आली तेव्हा पप्पांनी गाणं सोडलं आणि माइक सरळ समोर बसलेल्या बायकांकडे धरला. बायका गायल्या. सगळ्या, टाळ्या वाजवत, गळा मोकळा सोडून. एक म्हातारी तर उभी राहून गात होती. खालची ओळ आली तशी पप्पांनी परत उचलली. ते हसत होते. पुढचं गाणंही तसंच झालं, त्याच्या पुढचंही. काळी एकला बायकांचा गळा खाली दबतो, तिथं त्यांना गाताच येत नाही. ही गोष्ट पेटी वाजवणाऱ्या कुणालाही कळायला हवी. मार्चपासून आमच्या कार्यक्रमांत बायका गप्प बसत होत्या आणि मी त्याचा दोष त्यांच्या हातातल्या मोबाईलला देत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला. निम्मा पेपर टाकून मी ज्यांना वाचवायला आले होते, त्यांचं माझ्यावाचून उत्तम चाललं होतं. मग लाज वाटली, ती बराच वेळ राहिली.

कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे आम्ही चहाला बसलो.

"पेपर कसा गेला?" पप्पांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. "पट्टी चढी होती आज."

"हाव. लई चढी. निम्मं तर त्या बायकायनीच गायलं." त्यांनी बशीत चहा ओतला. "तू जानेवारीपासून खाली धरून राहिलीस, ते मला कळत न्हवतं व्हय? गळ्याला बरं वाटायचं म्हनून गप होतो. पर तू खाली धरली की मला एकट्यालाच गावं लागतंय, माय."

काका ढोलकीला खोळ चढवत होते आणि आमच्याकडे मुद्दाम बघत नव्हते.

"मग पुढच्या तारखेला येऊ का नको?" मी विचारलं.

"ये की," पप्पा म्हणाले. "वाजवाय ये. सांभाळाय नको येऊ."