आधी पुसून घेतो

माझा धाकटा भाऊ म्हणजे स्वच्छतेचं भूत. नेमबाजीच्या रेंजवर तो पिस्तुलं दुरुस्त करतो, तिथे त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. बिघडलेलं पिस्तूल समोर आलं की हा पहिलं काय करणार? पुसणार! नळीतून ब्रश, मग फडकं, मग तेलाचा हात. "अरे, आधी बघ तरी काय झालंय ते!" म्हणून मी ओरडायचे. "ताई, घाणेरड्या वस्तूचं मला काही कळत नाही. आधी पुसून घेतो," हे त्याचं ठरलेलं. बायको वारल्यावर तर घरातही तेच. चहा संपायच्या आत कप उचलून धुवायला न्यायचा मेला.

त्याची लेक, माझी भाची, रेंजच्याच पॉइंट टू टू पिस्तुलावर शिकली. पोर इतकी तयार झाली की कनिष्ठ गटाच्या निवडीत तिचं नाव सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नेमकं तेव्हाच पिस्तूल दगा द्यायला लागलं. सरावाच्या शेवटी शेवटी चाप ओढला की नुसतं टक्. गोळी सुटायचीच नाही. मग नळी समोर धरून थांबायचं, काडतूस काढायचं, पुन्हा भरायचं. दुसऱ्या टोल्याला तेच काडतूस मुकाट्याने उडायचं.

संध्याकाळी बाप ते पिस्तूल वर्कशॉपात न्यायचा, लख्ख करायचा आणि मग चार गोळ्या झाडून बघायचा. एकही वाया जायची नाही. त्याने काडतुसावर टोला हाणणारी फायरिंग पिन बदलली, स्प्रिंग बदलली, काडतुसांचं खोकं बदललं. काही फरक नाही. तिच्या हातात टक् आणि याच्या हातात ठो.

शेवटी एक दिवस हा सगळ्यांसमोर बोलून बसला. "पिस्तुलाला काही धाड भरलेली नाही. तुझा हातच हलतो. गोळी भरताना मागे ओढलेली स्लाइड सोडायला कचरतेस, म्हणून काडतूस नीट बसत नाही." पोरीने मान खाली घातली. मी म्हटलं, "जिभेला काही हाड?" तर मलाच म्हणाला, "ताई, तुला यातलं काय कळतं?"

निवडीच्या दिवशी पुन्हा टक् झालं. तिथे नियम असा की पिस्तूल बिघडलं तर हात वर करायचा. पंच येऊन तपासतात, पिस्तुलाचा दोष असला तर पुन्हा संधी देतात. मी मागच्या बाकावर बसले होते. मनात म्हणत होते, कर गं बाई हात वर! तिने केला नाही. स्वतःच काडतूस काढलं, दुसरं भरलं आणि वेळ संपली. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, दोष माझ्या हाताचा आहे, तर पिस्तुलाची तक्रार कशी करू?" त्यानंतर ती रेंजची पायरी चढली नाही.

वर्षं गेली. पोरीचं लग्न झालं, मूलही झालं. गेल्या महिन्यात भाऊ स्कूटरवरून पडला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तरी घरी बसेल तर शपथ! रेंजवर कुणीतरी सकाळभर वापरलेलं तेच पिस्तूल आणून दिलं. पुन्हा टक् म्हणे. एका हाताने पुसणार कसं? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते तसंच, काजळीसकट उघडलं. डाव्या हाताच्या बोटाने एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, सरकवून बघितलं. ते केसभर बाहेरच अडलं.

चेंबरच्या तोंडाशी पिनेचे टोले बसून धातू आत फुगला होता. नळी स्वच्छ असली की काडतूस कसंबसं आत जायचं, काजळी साचली की अडायचं. मग पिनेचा टोला त्याची कड चेपून बार उडवण्याऐवजी त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडायचा. त्या धक्क्याने काजळी दबायची, म्हणून पुन्हा भरलं की दुसऱ्या टोल्याला उडायचं. म्हणजे हा दर वेळी आधी दोष पुसून टाकायचा आणि मग दोष शोधायचा!

माझ्यापुढे बसून रडला. "ताई, माझ्या पोरीचं वाटोळं केलं मी." माझा जीव तुटला, पण रागही असा आला की मी म्हटलं, "माझ्यापुढे काय रडतोस? तिच्यापुढे जा."

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. मांडीवर तान्ही लेक झोपली होती, तिची मूठ ती उलगडत राहिली.

"वय निघून गेलं गं तुझं," भाऊ म्हणाला. "त्या स्पर्धेची भरपाई मी आता कशी करू?"

"स्पर्धेचं जाऊ द्या हो, बाबा," ती म्हणाली. "हिची नखं मी अजून एकदाही कापलेली नाहीत. यांनाच कापायला लावते. मला वाटायचं, माझा हात हलतो."