झांजा नसलेले तीन अल्बम

कारखान्यात सगळे त्याला भूकंप म्हणत. तसा माणूस लोण्यासारखा मऊ, टेबलाला धक्का लागला तर टेबलाची माफी मागेल असा. पण दिवसभर पत्र्याच्या प्रेसवर कानठळ्या बसवून घेतल्यावर हा घरी जाऊन पुन्हा हेवी मेटल ऐकतो हे एकदा कळलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

“आमच्या आईला सांगितलं होतं, मुलगा शांत आहे,” बायको म्हणायची. “शांतच आहे. हेडफोनची वायर निसटली की कळतं आत काय चाललंय ते.”

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या बेचक्यात त्याची खुर्ची. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर पोपडे निघतील इतकी जवळ. प्रेसपुढे उभं राहायला जेवढी जागा, तेवढीच इथे बसायला. पण हेडफोन चढवला की ती भिंत मागे सरकायची. त्यासाठी तर तो ऐकत असे.

यंदा त्याने एकदम तीन नवे अल्बम आणले. ओळखीच्या दुकानदाराने मागवून ठेवले होते. बऱ्याच काळाने नवं काही घरात आलं होतं, म्हणून त्याने ते पुरवून पुरवून ऐकले.

पहिल्याच्या वेष्टनावर गंजलेलं चिलखत घातलेला लांडगा. गाणी संथ, गिटार अशी की कुणीतरी ऐरण फरशीवरून ओढत नेतंय. गायक खडीने गुळण्या करत होता. झकास! फक्त ड्रमसेटवरच्या पितळी झांजा नव्हत्या. ड्रम होते, झांजा नाहीत. दुसऱ्या अल्बममध्ये गायिका होती, आणि ड्रम इतके वेगात की श्वास घ्यायला उसंत नाही. तिथेही झांजा गायब. पापण्या नसलेल्या चेहऱ्यासारखं वाटलं त्याला ते. तिसऱ्यावर त्याची सगळी भिस्त होती. पिकल्या केसांचे जुने वादक पुन्हा एकत्र आले होते. त्यांनीही दगा दिला.

“हल्ली झांजा वाजवायची पद्धतच गेली वाटतं,” चहाच्या सुट्टीत तो शेजारच्या प्रेसवरच्या मिशाला म्हणाला. मिशाला मिशा नव्हत्या. एकेकाळी होत्या.

“महागल्या असतील,” मिशा म्हणाला.

खात्री करायला त्याने एक जुना, तोंडपाठ असलेला अल्बम लावला. झांजा जागच्या जागी, लख्ख. म्हणजे हेडफोन धड, कान धड. खोट नव्या मालातच. तो तिन्ही अल्बम घेऊन दुकानात गेला.

दुकानदाराने लांडगेवाला लावला, मोठ्या स्पीकरवर. गिटारच्या तारा बघत उभी असलेली एक बाई कानांवर हात ठेवून मागे सरली.

“झांजा नाहीत म्हणता? अहो भाऊ, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारख्या वाजतायत!”

“कुठे?”

“ही घ्या. ही आणखी एक. आणि ही.” दुकानदाराचं बोट हवेत ठोके देत होतं. भूकंप त्या बोटाकडे बघत राहिला. बोटाच्या टोकाशी काहीच नव्हतं.

“थांबा, तुमचा आवडता लावतो,” दुकानदार म्हणाला. त्याने तो जुना अल्बम लावला. भूकंपचा चेहरा उजळला, बोटं काउंटरवर नाचू लागली.

“इथे येतात झांजा ऐकू?”

“स्वच्छ! ही बघा, आली.”

दुकानदाराने आवाज कमी केला. “भाऊ, वरच्या पट्टीच्या, बारीक आवाजांचं बटण मी पार खाली ओढलंय. आत्ता इथे झांजा मलाही ऐकू येत नाहीयेत.”

भूकंपने हात काउंटरवरून काढून घेतला. जुन्या गाण्यातल्या झांजा स्पीकरमधून येत नव्हत्याच. त्या त्याच्या डोक्यात होत्या, आणि वेळ झाली की आपल्या आपण वाजत होत्या. नव्या गाण्यांना डोक्यात अजून जागा नव्हती, म्हणून कानांची चोरी उघडी पडली.

अल्बम परत पिशवीत टाकून तो निघाला. वाटेत त्याला आठवली ती तुटलेली डाय. पत्र्याला आकार देणारा हा पोलादी साचा कडेला टवका उडाला की बारीक किणकिणतो. प्रेसवाला तो आवाज डोळ्यांआधी ओळखतो. गेल्या आठवड्यात याच्या डायचा टवका उडाला आणि वेड्यावाकड्या झाकणांचा ढीग साचला, तरी याला पत्ता नाही. मिशाच ओरडत धावत आला होता. याने मनाला समजावलं होतं, झोप झाली नसेल.

कंपनीने दिलेले कानातले बोळे खणात वर्षानुवर्षं पडून होते. कान बुजवून डाय कशी ऐकायची? आता बोळे घालावेत तर डायचा उरलासुरला आवाजही जाणार, न घालावेत तर उरलेसुरले कान जाणार. साहेबाला सांगावं तर प्रेसवरून उचलबांगडी, आणि प्रेस सोडून या हातांना दुसरं येत होतं तरी काय? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली जागा पायाखालच्या फळीएवढी.

दुसऱ्या दिवशी त्याने बोळे घातले.

“डाय वेगळी वाजली तर मला सांगशील?” त्याने मिशाला विचारलं.

“सांगेन की. पण तुला ऐकू कसं जाणार?”

“लाथ मार.”

“इतकी वर्षं याचीच वाट बघत होतो,” मिशा हसला. मग हसू आवरून त्याच्या कानाशी वाकला. “पण पुढच्या महिन्यात माझी पाळी बदलतेय रे.”

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच.

“साहेबाला सांगा.”

“सांगेन.”

“कधी?”

त्याने लांडग्याचा अल्बम लावला, हेडफोनची वायर काढली आणि खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. “बस जरा. झांज वाजली की माझ्या तळहातावर बोट मार. एकदा पाठ झाल्या की झाल्या. मग कान राहोत न राहोत.”

“मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“भांडं पडल्यासारखं वाटेल तिथे मार.”

तिने दारं लावून घेतली, शेजारी ओरडतील म्हणून. मग कपाळाला आठ्या घालून बसली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन बोट मारू लागली. कधी ठोक्यावर, कधी ठोका गेल्यावर, कधी घाईघाईने दोनदा. तो डोळे मिटून एकेक ठोका मनात बसवत होता.

“बरोबर मारतेय का हो?” तिने मध्येच त्याच्या कानाशी येऊन विचारलं.

“बरोबर,” तो म्हणाला. ते पडताळायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.