सागाच्या पानातले मासे

भूतबित असल्या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमची नोकरीच तशी. कानावर आलेली गोष्ट आधी खोटी धरायची, दोन ठिकाणी पडताळायची, मगच कागदावर घ्यायची. गुप्तवार्तेच्या कामात जन्म गेला. आता सकाळी फिरायला येणारे मित्र विचारतात, "तुमच्या लोकांवर पब्लिकने भरवसा ठेवायचा का हो?" मी हसून विषय बदलतो. का बदलतो, ते आज लिहितोय...

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं पोस्टिंग एटापल्लीला. बाजारात लोक मला विमा एजंट म्हणून ओळखायचे. माझा खबरी तिथून बऱ्याच आतल्या एका गावचा, तलावात मासे धरणारा ढिवर. त्याचं नाव आजही लिहिणार नाही, भाऊ म्हणतो. डाव्या हाताची करंगळी लहानपणीच तुटलेली. पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "साहेब, माह्यं नाव कुठी लिवू नका जी. मले बायको हाये, दोन पोरी हायेत."

मी शब्द दिला.

आमची खूण साधी होती. बाजाराच्या दिवशी मी त्याच्याकडून मासे घ्यायचे. पळसाच्या पानात बांधून दिले तर दुपारी तलावावर भेटायला यायचं. सागाच्या पानात दिले तर धोका – यायचं नाही. आणि एक नियम – एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. बाजारात कोण कोणाचे डोळे वाचतंय, सांगता येत नाही. मी नेहमी त्याच्या हाताकडेच बघायचो.

त्या महिन्यात त्याने नक्षलवाद्यांची मोठी खबर दिली. वरच्या साहेबांना ती पटेना. सोर्स कोण, कितपत खात्रीचा, म्हणून सारखी विचारणा. शेवटी वैतागून मी रिपोर्टच्या कडेला पेन्सिलने लिहिलं – 'तलावावरचा ढिवर, डाव्या हाताला चार बोटं, माणूस खात्रीचा.' नाव लिहिलं नाही. आपण शब्द पाळला, असंच मला वाटलं... तो कागद पुढे किती टेबलांवरून फिरेल, हे सुचलंच नाही. गाढव होतो मी.

पुढच्या बाजाराला सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. लखलखीत ऊन, गर्दी. नेहमीच्या जागी टोपली होती. त्या चार बोटांच्या हाताने दोन मरळ पुढे केले – सागाच्या पानात. बोटं गार होती, पण मासेवाल्याची बोटं गारच असतात. मान वर न करता मी घरी आलो. दुपारचं जाणं रद्द केलं. बायकोने रस्सा केला, आम्ही दोघांनी खाल्ला. पान तिने उकिरड्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाल्यावरच्या रपट्याखाली – ठेंगण्या पुलाखाली – स्फोटकांनी भरलेला डबा सापडला. मोटरसायकलने मी तिथूनच जाणार होतो. आणि संध्याकाळी भाऊच्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात खबर घेऊन आला – जंगलातल्या लोकांनी भाऊला मारलं.

विम्याचे कागद घेऊन मीही तिथेच बसलो होतो. "कधी?" मी विचारलं.

"बजाराच्या दोन दिवस आंधी. त्याच सांजेले जाळला, साहेब. मी सोता हाजर होतो."

मी विमावाला म्हणूनच त्याच्या घरी गेलो. बायको अंगणात बसली होती. बाजाराला मासे घेऊन कोणी गेलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, "घरात सुतक हाये जी. कोन जाईल? त्याचं जाळं बी तसंच टांगून हाये." पानांची खूण तिला ठाऊकच नव्हती. ती आम्हा दोघांतच होती.

ती टोपली कोणाची होती, तो हात कोणाचा होता – मला आजही कळलेलं नाही. दुसरा कोणी चार बोटांचा माणूस त्या बाजारात बसतो का, हे नंतर वर्षभर शोधलं. नाही सापडला. तोंडाकडे एकदा बघितलं असतं तर... पण नियम होता ना. तेवढा एक मी नीट पाळला.

मी निघालो तेव्हा तिने पदर सावरत विचारलं, "एक सांगा साहेब. तुमी विमावाले नाई, मले मालूम हाये. त्याचं नाव तर कुठी लिवलं नव्हतं ना तुमी? तो म्हने, साहेब शब्दाचा पक्का हाये."

"नाही बाई," मी म्हणालो, "नाव कुठेच लिहिलं नाही."

तिने मान हलवली आणि मला प्यायला पाणी आणून दिलं.