लाइट आई

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — आणि मी म्हणजे कोण? नालछ्याच्या रस्त्यावर बसच्या टपावर म्हैस बसलेली पाहिली म्हटलं, तर लोक म्हशीचं तिकीट किती होतं ते विचारतात, अशी माझी ख्याती. तोंड म्हणून बंद राहत नाही. या एका बाबतीत मात्र राहिलं.

मी देवासला कॉलेजात होते. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी आम्ही विद्यार्थी आठवड्यातून दोनदा जायचो — मुलाशी खेळायचं, त्याच्या आईला तासभर मोकळं करायचं. माझ्या वाट्याला रेवा आली. सहा वर्षांची. बोलायची नाही, कधीमधी ऐकलेल्या वाक्याचं शेपूट तेवढं परत म्हणायची. तो नुसता पडसाद, हाक नव्हे — एवढं आम्हाला शिकवलेलं होतं.

एका दुपारी गेलेली लाइट आली, पंखा फिरला आणि मी सवयीनं हिंदीत ओरडले, "लाइट आई!" रेवा पंख्याकडे बघत म्हणाली — "आई."

काकू, म्हणजे रेवाची आई, कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय म्हणाली गं?"

खरं सांगायला किती शब्द लागले असते? "तुम्हाला हाक मारली, काकू!" वर मीठमसाला — दोनदा मारली, दाराकडे बघून मारली.

संध्याकाळी रेवाचे बाबा फाटकात उभे राहून गल्लीभर सांगत होते, "भिया, अपनी रेवा बोलने लगी!" मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

इथवर थापच म्हणा. पण इंदूरच्या खास शाळेत रेवाला जागा मिळालेली होती. बाबा म्हणाले, आता कशाला पाठवायची, घरीच बोलतेय की. काकूंना चैन पडेना. त्यांनी मला एकटीला गाठलं. "खरं सांग बाई — तू 'लाइट आई' ओरडलीस, त्याच्यामागून म्हणाली का ती?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलंच होतं ना? माझ्या एका 'हो'वर रेवा इंदूरला जाणार होती.

"नाही काकू," मी म्हणाले. "आधी ती म्हणाली. मी मागून ओरडले."

जागा दुसऱ्या मुलाला गेली. पुढच्या वर्षी रेवा त्या शाळेच्या वयाच्या अटीत बसेना. मी परीक्षा आली म्हणून जाणं बंद केलं.

परीक्षा नव्हती.