कापसाने भरलेलं थिएटर

तुम्ही ऑपेरा पाहायला गेलात तेव्हाचा फोटो मिळाला. त्यातल्या लाल मखमलीच्या खुर्च्या पाहून मला माझे सासरे आठवले. खुर्च्या मऊ का ठेवतात, हे त्यांनी तुम्हाला तासभर समजावून सांगितलं असतं.

आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. यवतमाळच्या एका शाळेत ते गायन शिकवत. साठ सालच्या आसपास त्यांनी एक आख्खं संगीत नाटक रचलं, बोलणं थोडं आणि गाणंच फार. चाली तयार होत्या, प्रयोगाला जागा नव्हती. कापडी मांडवात आवाज वाऱ्यावर जायचा. त्यांना स्वतःचं थिएटर हवं होतं, आणि जागाही त्यांनी हेरली होती.

कळंबच्या रस्त्याला एका शेठजींच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, मोठं टिनाचं गोदाम होतं. दिवाळी ते होळी त्यात कापसाच्या उंच गंज्या रचलेल्या असत. एकदा गोदाम असं भरलेलं असताना दारात उभं राहून मामंजींनी सहज एक ओळ म्हटली आणि आवाज असा लागला, की त्या दिवशी त्यांना जेवण सुचलं नाही. त्यांनी गोदाम मागितलं, तेव्हा शेठजी म्हणाले, "पावसाळ्यात रिकामं असते. एकदा ऐकवा. बरं वाटलं तर मी दुसरं गोदाम बांधतो, हे तुमचं."

आषाढात रिकाम्या गोदामात गाऊन पाहिलं, तर एक शब्द दुसऱ्यावर चढू लागला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून मामंजींनी वाचनालयातून इमारतींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी एकेक परिच्छेद मराठीत सांगे. कडक भिंती आणि पत्रे आवाज परत फेकतात. कापूस, कापड आणि माणसं तो पिऊन टाकतात. एक माणूस किती आवाज पितो, याचं कोष्टकही होतं. ते मी वहीत उतरवून घेतलं.

"म्हणजे माणसं बसली की जमलं," मामंजी म्हणाले.

घरातल्या आणि शेजारच्या मिळून अकरा गोधड्या आम्ही भिंतींवर टांगल्या. एवढ्या मोठ्या गोदामात त्या दिसतही नव्हत्या. मामंजींनी ओळखीच्या सगळ्यांना आमंत्रण दिलं, पण निंदणाचे दिवस, ज्याला-त्याला शेतात काम. बारा जण आले, त्यात शेठजी आणि त्यांचे चार मित्र.

मामंजी पेटीवर बसले आणि पहिलं पद गायले. पद संपल्यावरही गोदाम थोडा वेळ गातच होतं.

"मास्तर," शेठजी म्हणाले, "तुमचं गाणं चांगलं हाय. पण हे टिनं बी तुमच्यासंग गाऊन राह्यले."

मित्र हसले. मामंजीही हसले. "हजार माणूस बसू द्या शेठजी, घुमणं बंद होईन."

"बरोबर. माणसं आले की ऐकू येईन, अन् ऐकू आलं की माणसं येतीन. मंग मी सुरुवात कोठून करू?"

मी चहाची किटली घेऊन दाराशी उभी होते. पदर सावरून म्हणाले, "पुस्तकात आकडे आहेत. मी दाखवते."

शेठजी आदरानेच वळले. "सूनबाई, पुस्तकात खोटं कायले असन? पण पुस्तकातले माणसं आधीच येऊन बसले असतेत. मले इथले आणा लागतीन."

मी वही उघडली, आणि मिटली. वेचणी उरकून माणसं मोकळी होतात तेव्हा गोदाम कापसाचं, आणि उन्हाळ्यात त्या टिनाखाली कोण बसणार? यावर पुस्तकात काही नव्हतं. आम्ही गोधड्या उतरवल्या.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मामंजी म्हणाले, "चल पोरी, जरा जाऊन येऊ." चौकीदाराने ओळखून आत सोडलं. गंजी छपरापर्यंत गेली होती, दाराच्या आत चार पावलं जागा उरली होती. तिथे उभं राहून त्यांनी पहिलं पद म्हटलं.

"आलं ऐकू?"

"हो मामंजी. शब्द न् शब्द."

जिथे माणसं बसायची होती, तिथल्या कापसाकडे ते पाहत राहिले. मागून कापसाची गाडी दाराला लागली.

"बाबाजी, सरका थोडं," गाडीवान म्हणाला. "गाडी खाली करून राह्यलो."

आम्ही बाजूला झालो.